लॉनमध्ये वसंतात फुलणारे कंद: कोल्हापुरात जमेल का?

चाफ्याखाली | २ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर रुईकर कॉलनीत. पुढच्या अंगणात साधारण वीस बाय तीस फुटांचं लॉन आहे आणि एका कोपऱ्यात जुना पांढरा चाफा. लॉन मुळात कार्पेट गवताचं होतं, आता निम्म्याहून जास्त हरळीनं गिळलंय. लेक गेल्या वर्षीपासून शिकायला इंग्लंडात आहे. मार्चमध्ये तिनं एक फोटो पाठवला. साधं सार्वजनिक बागेतलं गवत, आणि त्या गवतातनंच जांभळी, पांढरी, पिवळी बुटकी फुलं वर आलेली. वाफा नाही, आळं नाही, कुंडी नाही. कुणाच्या तरी हातनं हळदीकुंकवाचं ताट सांडावं तसं. क्रोकस म्हणतात म्हणाली. एप्रिलात त्याच गवतात डॅफोडिल आले. एकदा लावले की दरवर्षी आपले आपण येतात म्हणे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलंय. लेक दिवाळीला येतेय, येताना पिशवीभर कंद आणते म्हणते. आपल्याकडं लागतील का? लागले तर लॉन उकरावं लागेल का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे आबा (सासरे, वय ७९). दर रविवारी सकाळी सातला त्यांचं गवत कापायचं मशीन सुरू होतं. दोन बोटांच्या वर गवत गेलेलं त्यांना खपत नाही. त्यांना काय सांगायचं?

निवांत | २ ऑक्टोबर, रात्री १०.०५

लोक हरळी मारायची औषधं विचारतात, तुम्ही तिच्यात फुलं शोधताय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लायडनकर | ३ ऑक्टोबर, पहाटे २.१८

ताई, मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या नेदरलँड्समध्ये, लायडनला. १५९३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसनं इथल्याच विद्यापीठाच्या बागेत ट्युलिप लावले, त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो. बाकी माझी अक्कल घराच्या मागच्या चार मीटर गवतापुरतीच.

आत्ता इथं लावणीचाच हंगाम चालू आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर. गवतात लावायची पद्धत सोपी आहे. ओंजळभर कंद घ्यायचे आणि गवतावर उधळायचे. जो जिथं पडेल तिथंच लावायचा. आपण हातानं मांडायला गेलो की नकळत रांगा होतात आणि मग ते गवत कवायतीचं मैदान दिसतं. मोठे कंद असतील तर एकेकाला खड्डा, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. म्हणजे डॅफोडिल सुमारे १५ सेंटीमीटर, क्रोकस ८ ते १०. टोक वर. बारके कंद शंभरभर असतील तर कुदळीनं गवताचा थर आडवा-उभा कापून पोळीसारखा उलगडतात, खालची माती सैल करतात, कंद टेकवतात आणि पोळी परत मिटवून पायानं दाबतात. आठ-दहा दिवसांत सांधासुद्धा दिसत नाही. म्हणजे लॉन उकरावं लागत नाही.

आता आबांचा प्रश्न. खरी गोम तिथंच आहे. फूल गेल्यावर पानं किमान सहा आठवडे कापायची नाहीत. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या कमाईवर येतं. पानं हिरवी असताना कापली तर कंद उपाशी राहतो, पुढच्या वर्षी नुसती पानं येतात, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तीही नाहीत. म्हणून इथं नगरपालिकेची माणसं रस्त्याकडेचं गवत कापताना डॅफोडिलचे तुकडे तसेच सोडून जातात. मे संपेपर्यंत ते तुकडे अगदी गबाळे दिसतात, विस्कटलेल्या केसांसारखे. त्याचे फोटो कुणी पाठवत नाही. क्रोकस लॉनला त्यातल्या त्यात सोयीचे, कारण गवत जोरात वाढायला लागेपर्यंत त्यांचं निम्मं काम उरकलेलं असतं.

आणखी एक. फोटोत दिसणारे मोठे ट्युलिप गवतात टिकत नाहीत. कौकेनहॉफच्या बागेत दरवर्षी सत्तर लाखांच्या आसपास कंद नव्यानं लावतात आणि हंगाम संपला की काढतात. दरवर्षी आपले आपण येणारे म्हणजे क्रोकस, डॅफोडिल, स्नोड्रॉप, मस्करी ही मंडळी.

कोल्हापुरात जमेल का, ते जाणकार सांगतील. मला शंका आहे.

निवांत | ३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

मस्करी नावाचं फूल असतं ही मस्करी आहे का?

लायडनकर | ३ ऑक्टोबर, दुपारी १.०२

नाही हो. निळ्या द्राक्षांच्या घोसासारखं असतं, वीतभर उंच. आमच्या आईनंही हेच विचारलं होतं.

खुरपं | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

लेकीला आधी थांबवा. कंद म्हणजे लावायचा माल, खायचा नव्हे. परदेशातून आणायचा तर त्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं आणि आपल्याकडचा आयात परवानाही. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात तसं आहे. कपड्यांत गुंडाळून आणतात लोक, पण कंदाला चिकटलेल्या मातीतनं सूत्रकृमी आणि बुरशी येते ती परत जात नाही. आपल्याकडं आलेलं गाजर गवत आठवा. कुणी हौसेनं आणलं नव्हतं तेही.

कंदपुराण | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. जरा लांबण लागेल, इलाज नाही.

पहिलं, शब्द नीट वापरू. ट्युलिप, डॅफोडिल हे कांदे. कापले तर स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. क्रोकस कांदा नाही. तो आतून भरीव, अळकुडीसारखा घट्ट गड्डा. ग्लॅडिओलसही तसाच. बोलताना सगळ्यांना कंद म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरं, थंडी. ट्युलिपच्या किंवा डॅफोडिलच्या कांद्यात पुढच्या फुलाची बारीकशी कळी आधीच्या उन्हाळ्यात तयार होऊन बसलेली असते. कांदा उभा चिरला तर भिंगाखाली दिसते. म्हणजे फूल आतच आहे. ते बाहेर यायला दांडा लांबावा लागतो, आणि दांडा लांबायची परवानगी थंडी देते. बारा ते सोळा आठवडे, नऊ अंशांच्या खाली. एखाद-दुसरी गार रात्र पुरत नाही. ही त्या झाडाची अक्कल आहे. कडाका पुरता सरल्याशिवाय डोकं वर काढायचं नाही.

आता कोल्हापूर. जानेवारीत रात्रीचा पारा चौदा-पंधराच्या आसपास आणि दुपारी तिशीच्या घरात. जमिनीखाली चार बोटांवर तर रात्रीची थंडी पुरती पोचतसुद्धा नाही. लॉनमध्ये लावलेला डॅफोडिल वाट बघत बसेल. थोडी पानं काढेल, मग उन्हाळा, मग जून-जुलैचा आपला पाऊस. तोपर्यंत त्याचा चिखल झालेला असेल. हे कांदे ज्या डोंगराळ मुलखातले आहेत तिथं उन्हाळा कोरडा असतो. झोपेत त्यांना पाणी नको असतं, आणि आपण नेमकं तेव्हाच ओततो.

हौस भागवायची तर फ्रिज. कुंडीसाठी ट्युलिपचे दहा कांदे घ्या, कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात बारा-चौदा आठवडे ठेवा, जानेवारीत कुंडीत लावा. फेब्रुवारीत फूल येईल. एकदाच. मग कांदा खतात. दिल्लीत नगरपालिका थंडीत रस्त्याकडेला ट्युलिप लावते तेही बाहेरून मागवलेले, एका हंगामापुरते.

थंडी न मागणारा एक नातेवाईक आहे, पेपरव्हाइट नार्सिसस. वाडग्यात खडे आणि पाणी घालून ठेवला तरी फुलतो. पण तोही लॉनचा गडी नव्हे.

पन्हाळ्याचा वारा | ३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

सर, पन्हाळ्यावर? आमच्याकडं जानेवारीत सकाळी दात वाजतात.

कंदपुराण | ३ ऑक्टोबर, रात्री १०.४१

दात वाजायला पंधरा अंश आणि वारा पुरतो. कांद्याला नाही पुरत. पन्हाळा हजार मीटरच्याही आत आहे. श्रीनगरची ट्युलिप बाग पंधराशेच्या वर आहे, आणि मुख्य म्हणजे तिथं बर्फ पडतो.

फोडणी | ४ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

फ्रिजवाल्यांनी कृपया पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडं डॅफोडिलचे दोन कांदे जाऊबाईंनी पोह्यांसाठी चिरायला घेतले होते. रंग आणि चिकट रस बघून त्यांनाच शंका आली म्हणून वाचलो. विषारी असतात, उलट्या होतात. ट्युलिपचे कांदे हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत लोकांनी शिजवून खाल्ले असं वाचलंय. पण तेही नीट साफ करून, नाइलाज म्हणून. आपल्या पोह्यांना तशी वेळ आलेली नाही.

आणि त्याच कप्प्यात सफरचंद, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातनं वायू सुटतो, त्यानं आतली कळी मरते.

चाफ्याखाली | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

कंदपुराण सर, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. जरा हिरमुसले खरी. लेकीला नको म्हणून कळवलं. हौस म्हणून ट्युलिपचे दहा कांदे ऑनलाइन मागवतेय, फ्रिजवर चिठ्ठी लावीन. आबांना सगळा प्रकार सांगितला तर म्हणाले, "आधी बर्फ मागीव, मग कांदे." लॉनचा विषय संपला म्हणायचा.

वळीव | ५ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

संपतोय कशाला ताई? तुमचा वसंत चुकलाय एवढंच. तुम्ही मार्चकडं बघायलाय, आपल्याकडं कंद मे महिन्यात फुलतोय.

रेन लिली लावा. गुलाबी. मंगळवार पेठेत आमच्या आज्जीच्या परड्यात होती. कुणी लावली माहीत नाही, आज्जी सून म्हणून आली तवाच होती म्हणायची. पाणी कुणी घालत नव्हतं. एप्रिलभर तिथं काहीच दिसायचं नाही, आम्ही पोरं त्याच्यावर गोट्या खेळायचो. मग मेमध्ये एक दिवस दुपारी आभाळ काळं व्हायचं, धुरळा उडायचा, पत्रे वाजायचे, आणि वळीव. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी बघावं तर पानाआधी फूल. सगळं परडं गुलाबी. दोन दिवस टिकायचं, मग संपलं. परत मोठी सर आली की परत.

हे गवतातच शोभतंय बघा. पान गवतासारखंच बारीक, शेजारी उभं राहिलं तर ओळखू येत नाही. कंद लसणाच्या कुड्याएवढासुद्धा नसतोय. फेब्रुवारी-मार्चला दोन बोटं खोल, पाच-पाच सात-सात एकत्र लावायचे. नर्सरीत कुंडीत मिळतील, पण विकत घेऊ नका. ज्याच्याकडं आहेत त्याच्याकडं ढिगानं आहेत. मी देतो पिशवीभर.

खुरपं | ५ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

वळीव यांच्याशी सहमत, पण एक अडचण सांगतो. लॉनला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं. रेन लिलीला त्याच महिन्यात कोरडं हवं. पाणी देत राहिलात तर पानं येत राहतील आणि फूल तुरळक. माझ्याकडं तीन वर्षं तेच झालं. कडेच्या नळाखालची लिली हिरवीगार आणि वांझोटी, आणि गेटबाहेर फेकलेली, जिला कुणी विचारत नाही, ती फुलानं लदबदलेली.

वळीव | ५ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

बरोबर हाय. म्हणून सगळ्या लॉनमध्ये नको. चाफ्याखालचा तुकडा घ्या. चाफ्यालाबी उन्हाळ्यात पाणी नकोच असतंय, तो पानं टाकून बसलेला असतोय, त्यामुळं ऊनबी मिळतंय. तेवढ्या तुकड्याला होळीपासनं पाणी बंद. हरळी पिवळी पडंल, मरायची नाही. हरळी मारून दाखवा, मी बक्षीस देतो. कार्पेटचं राहिलेलं असंल तिथं मात्र लावू नका, त्याची गादी लय दाट असतीया.

फोडणी | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

नळाचं पाणी भरपूर दिलं तर फुलत नाही का? आमच्याकडं बोअरचं आहे. पावसाच्या पाण्यात काहीतरी असतं म्हणतात.

कंदपुराण | ५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

फुलतं. महिनाभर पूर्ण कोरडं ठेवून मग एकदा माती खोलवर भिजेल इतकं पाणी दिलं तर कुंडीतली रेन लिली नळाच्या पाण्यावरही फुलते, मी वर्गात करून दाखवत असे. तिला कोरड आणि नंतरची भिजवण यातला फरक कळतो. आपण रोज शिंपडतो तेव्हा फरकच राहत नाही. वळवात आणखी एक गोष्ट होते, तापलेली माती तासाभरात गार पडते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दरवेळी देऊ नका, बाकी भानगड नाही.

वळीव यांनी माझ्या व्याख्यानाचा उत्तरार्धच लिहिला आहे. क्रोकसला जे काम हिवाळा करतो, ते इथं वैशाख करतो. वाईट दिवस जमिनीखाली काढायचे एवढंच दोघांचं धोरण. कांद्याला त्या दिवसात बर्फ पडतो की मातीला भेगा पडतात याच्याशी देणंघेणं नाही.

जाती सांगून ठेवतो. सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या, आपल्याकडं इतक्या रुळल्या की परड्यातल्याच वाटतात. मोठं गुलाबी फूल वळवाचं. पांढरी, जिचं पान कांद्याच्या पातीसारखं गोल असतं, ती पावसाच्या उत्तरार्धात जोर करते, गणपती-दसऱ्याच्या सुमाराला. पिवळी मधल्या काळात. तिन्ही मिसळल्या तर मे ते ऑक्टोबर काहीतरी चालू राहील.

रानवाट | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

अमेरिकेची कशाला, आपलेही आहेत की. पाऊस पडल्यावर पहिल्या पंधरवड्यात मसाई पठारावर जाऊन बघा. मेमध्ये जिथं नुसता कातळ आणि वाळलेलं गवत असतं तिथं मुसळीची पांढरी फुलं, दीपकाडी, रानलिली असं एकेक वर येतं. मातीचा थर कुठं कुठं चार बोटंसुद्धा नसतो, तेवढ्यात कंद बसलेले असतात. रानकांद्याचं तर त्याहून नवल. पाऊस पडायच्याही आधी, ऐन उन्हात, पान नसताना कंबरेएवढा दांडा काढतो. लॉनमध्ये कंदफुलं म्हणजे काय ते निसर्गानं तिथं आधीच करून ठेवलंय. फक्त तिथं मशीन नाही, गुरं आहेत, आणि गुरं यातले बरेच कंद सोडून देतात.

निवांत | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.००

रविवारी जाऊन चार उपटून आणतो.

रानवाट | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.०४

उपटू नका. विनोद असला तरी लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी एखादा खरंच जातो. कातळावरचा कंद बागेच्या काळ्या मातीत पहिल्याच जुलैत कुजतो. पठारावरची जागाही रिकामी आणि तुमची कुंडीही. यातले काही फक्त सह्याद्रीतच आहेत. अंगणात देशी हवंच असेल तर गडांबी कांदा लावा, गावोगाव परड्यात मिळतो. पण तो लॉनचा नाही, त्याची पानं हातभर लांब.

चाफ्याखाली | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१०

चाफ्याचा कोपरा ठरला. वळीवदादा, फेब्रुवारीत पिशवीसाठी येते. मंगळवार पेठेत घर कुठं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आबांना अजून काही सांगितलेलं नाही.

चाफ्याखाली | १९ फेब्रुवारी, सायंकाळी ५.२५

ट्युलिपचा हिशोब देते. दहा मागवले. दोन पाकिटातच बुरशी लागून आलेले. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर "नॅचरल प्रॉडक्ट आहे मॅडम" असं उत्तर आलं. आठ फ्रिजमध्ये बरोबर बारा आठवडे ठेवले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंडीत लावले. पाच फुलले. दोघांची कळी आली आणि कागदासारखी वाळून गेली. एक नुसतं पान. जे फुलले त्यांचा दांडा वीतभरही नाही, पानांच्या मुठीत फूल बसल्यासारखं. रंग मात्र असा लाल की आबा खुर्ची घेऊन समोर बसले. चौथ्या दिवशी दुपारी बत्तीस अंशात सगळ्या पाकळ्या एकदम उघडून लोळल्या.

कंदपुराण | १९ फेब्रुवारी, रात्री ९.००

आठात पाच म्हणजे उत्तम. बुटका दांडा म्हणजे थंडी जेमतेम मिळाली आणि लगेच ऊब लागली. वाळलेल्या कळ्यांचं कारण विचारू का? फ्रिजमध्ये केळी होती?

चाफ्याखाली | १९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

चिकू. केळी नको म्हणून लिहिलं होतं, म्हणून चिकू ठेवले.

फोडणी | १९ फेब्रुवारी, रात्री ९.३२

😂 चूक माझी. "सगळी पिकणारी फळं" असं लिहायला हवं होतं.

चाफ्याखाली | ९ मार्च, सकाळी १०.४०

काल लावणी झाली. वळीवदादांकडून गुलाबी सत्तर आणि पांढरे वीस कंद आणले (चहा आणि भडंगही झालं, वहिनींना नमस्कार सांगा). लायडनकरांच्या पद्धतीनं ओंजळ भरून चाफ्याखाली उधळले. आबा व्हरांड्यातनं बघत होते. "सूनबाई, कांदे फेकायला लागलीस होय? मार्केटला भाव पडला वाटतं."

जिथं पडले तिथं खुरप्यानं गवत तिरकं उचललं, कंद सारला, दाबलं. नव्वदाला अडीच तास लागले आणि कंबर गेली. काळ्या मातीत खुरपं शिरत नव्हतं, आदल्या दिवशी भिजवायला हवं होतं. थोडी वाळू आणि शेणखताची पूड खाली घातली. भोवती विटांचा गोल केला आणि आबांना सांगितलं की या गोलात पाणी नाही आणि मशीनही नाही.

खुरपं | ९ मार्च, सकाळी ११.१५

विटा जमिनीच्या पातळीला बसवा. वर राहिल्या तर मशीनचं पातं जाईल आणि मग आबा खरंच चिडतील.

चाफ्याखाली | १२ जून, रात्री ८.३०

धागा वर काढतेय.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मोठा वळीव झाला, गारांसकट. चाफ्याची फांदी मोडली. शनिवारी संध्याकाळी गोलात तांबूस टोकं दिसली, पेन्सिलीच्या शिसाएवढी. मी मोजली, तेवीस. रात्री लेकीला फोन करून सांगितलं. रविवारी सकाळी मला उठायला साडेसात झाले.

मशीनचा आवाज ऐकूनच जाग आली. विटा पातळीला बसवल्या होत्या ना, खुरपं यांच्या सल्ल्यानं. त्यांच्यावरून मशीन गुळगुळीत गेलं. बाहेर आले तेव्हा आबा चाफ्याखालनं वळत होते. तेवीसच्या तेवीस कळ्या पिशवीत. म्हणाले, "वाळकं गवत होतं, साफ केलं."

दोन दिवस बोलले नाही. धाग्यावर लिहायचीही इच्छा झाली नाही.

मग मृगाचा पाऊस आला, सात तारखेच्या रात्री. चांगला तीन-चार तास. काल सकाळी बघितलं तर त्रेचाळीस. हो, त्रेचाळीस फुलं, गुलाबी, हरळी आता हिरवी झालेली आणि तिच्यात ही. रांग नाही, ओळ नाही, जिथं ओंजळ पडली तिथं. दूधवाल्यानंही गेटला थांबून विचारलं. फोटो चढत नाहीये, उद्या परत बघते.

आणि आबा येईल त्याला सांगतायत की, "मी छाटणी केली म्हणून आली. गुलाबाला करतोच की आपण."

निवांत | १२ जून, रात्री ८.४१

आबांना आयडी काढून द्या. ❤️

वळीव | १२ जून, रात्री ९.०५

नाद खुळा ताई! पहिल्याच वर्षी त्रेचाळीस म्हणजे कंद खूश हाय. आता एक ध्यानात ठेवा. जुलैत पानावर काळ्या अळ्या येतील, अंगावर पांढरे आणि लाल ठिपके. एका रात्रीत बुडापर्यंत खातात. दिसल्या की हातानं वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. औषध नको. आमच्याकडं पोरांना दहा अळ्यांना एक गोळी असा दर होता.

लायडनकर | १३ जून, रात्री १.३०

अभिनंदन ताई! पण मला कोडं पडलंय. इथं कळ्या कापल्या असत्या तर संपलं, पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघा. आबांची छाटणी खरंच लागू पडली की काय?

कंदपुराण | १३ जून, सकाळी ७.१०

लागू पडली नाही, बाधली नाही इतकंच. डॅफोडिलच्या कांद्यात वर्षाचं एकच फूल तयार असतं, ते गेलं की गेलं. रेन लिली हंगामात अनेकदा फुलते, दर मोठ्या भिजवणीला नवा दांडा. मेमध्ये पानं अजून यायची होती, त्यामुळं आबांनी फुलं नेली, कमाई नेली नाही. आता पानं आली आहेत. आतापासून ऑक्टोबरपर्यंत तिथं मशीन फिरलं तर मात्र पुढच्या मेमध्ये त्रेचाळीसाचे तेरा होतील.

तरी आबांचा दावा पुराव्याशिवाय फेटाळणं शास्त्राला धरून नाही. पुढच्या वर्षी वळवाच्या आधी अर्ध्या गोलात मशीन फिरवा, अर्ध्यात नको. दोन्हीकडची फुलं मोजा.

चाफ्याखाली | १३ जून, रात्री ९.२५

आबांना वाचून दाखवलं. प्रयोगाला तयार आहेत. ऑक्टोबरपर्यंत मशीन गोलाबाहेर, हेही कबूल. पण अर्धा गोल कुठला यावर अडलंय. त्यांना चाफ्याकडचा हवा. मी मोजून बघितलं, चाफ्याकडच्या अर्ध्यात आत्ताच सव्वीस आहेत.

कंदपुराण | १३ जून, रात्री ९.४०

चिठ्ठी टाका.